येसू कासारणीचा चुडा

फार जुनी गोष्ट. तेव्हा कुंभळी नदीवर पूल नव्हता आणि काठच्या गावांत बांगड्या भरायला एकच बाई फिरायची, येसू कासारीण.

हात हातात घेतला की येसू आधी बोलायची. "आईचा गुडघा बरा झाला का गं?" सासरी नांदणाऱ्या पोरी तिला माहेरची खबर विचारायच्या, ती त्यांचे निरोप पोचवायची. बोलता बोलता हात सैल पडायचा आणि बांगडी सुळकन आत. असं म्हणतात, तिच्या हातून एकही बांगडी कधी वाढली नाही. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, लेकरांनो.

मग शहरातून मोतीराम कासार आला. माल चकचकीत, दर निम्मा. हात धरायचा, भरायचा, की पुढची! बाया तिकडे वळल्या, वळणारच. येसूची टोपली भरलेलीच घरी येऊ लागली.

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी बी गप भरत चला की. चार हात जास्त व्हत्याल."

"मुक्यानं भराया ती काय पोती हायेत?" येसू फणकारली. पण मनातून ती घाबरली होती. हे गेलं तर आपल्याला दुसरं येतंय तरी काय?

मार्गशीर्षात पलीकडच्या वाडीत चंपाचं लग्न निघालं. येसूला यायला उशीर झाला, म्हणून चुडा भरायला मोतीराम येऊन बसला. चंपानं हात पदराखाली घेतले.

"मामाकडं व्हते तवा आजारी आईचा निरोप येसूमावशीनंच आणला. तिच्याबिगर चुडा भरायची न्हाई."

इकडे येसू नदीत उतरली होती. धुक्यात तिची उताराची वाट चुकली, पाणी छातीला लागलं. ती ओरडली. बाया काठावर धावल्या, हाका मारू लागल्या, पण धुक्यात हाक चहूकडून घुमायची. तेव्हा चंपाच्या काकीनं हात वर करून बांगड्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

असं म्हणतात, येसूनं भरलेली प्रत्येक बांगडी त्या घटकेला वाजली, पार लांबच्या गावांत दळण दळणाऱ्या बायांच्या हातांतसुद्धा, आपोआप. मोतीरामनं भरलेल्या तेवढ्या गप्प राहिल्या. खरंखोटं नदीला ठाऊक! येसू मात्र त्या किणकिणाटाच्या रोखानं काठाला लागली. डोक्यावरची टोपली कोरडी होती.

मुहूर्ताआधी चुडा भरला. चंपा रडली, येसूही रडली. मोतीराम सगळं बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "मावशी, हात कसा धरायचा ते मला शिकवाल?"

"आधी तिचं नाव इचार, बाबा."

पुढे येसू थकल्यावर तिची सगळी गावं मोतीरामनंच सांभाळली, आणि त्याला कधी काही कमी पडलं नाही.

आता नदीवर पूल आहे. तरी त्या गावांत लग्न असलं की बाया काठावर जातात, हात वर करून बांगड्या वाजवतात. त्या परतल्याशिवाय कासार टोपली उघडत नाही. मग तो नवरीचा हात हातात घेतो आणि तिचं नाव विचारतो, अगदी पाळण्यात असल्यापासून तिला ओळखत असला तरी.