बंदरावरच्या गोड पाण्याची कहाणी

ऐक दर्यामाते, तुझी कहाणी. लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्द साधेच येतील. वाचणाऱ्या बाईनं सांभाळून घ्यावं, ऐकणारणींनी भावावर जावं.

आटपाट बंदर होतं. पुढं गलबतांच्या डोलकाठ्या, मागं कापसाच्या वखारी. पाणी जिकडे तिकडे, पण पिण्याजोगं नाही. जवळच्या विहिरी सगळ्या मचूळ. गोडी विहीर पार गावाबाहेर.

तिथं कच्छ मुलखातून वेलजी नावाचा वाणी उतरला. बायको पूरबाई, तिला दिवस गेलेले, तिला देशी ठेवून आला. बंदराच्या पायरीवर टेकला, घशाला कोरड पडली. धाकूबाई कोळीण पाटी घेऊन चालली होती. तिनं पाटी उतरवली, घरून पाणी आणलं. वेलजीच्या मनात जात आली, मग तहान मोठी झाली, मग तो प्याला. म्हणाला, आई, हे कसं फेडू? धाकूबाई म्हणाली, "मला नको फेडूस. दर्यामातेचा वसा घे. उतरेल त्याला आधी पाणी द्यावं. प्याल्यावर गाव विचारावं. नाव त्यानं आपण होऊन सांगितलं तरच ऐकावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

वेलजीनं बंदरावर रांजण मांडले. येईल तो पिऊ लागला. दर्यामाता प्रसन्न झाली. वेलजीचा वेलजीशेट झाला, वखार झाली, घोडागाडी झाली.

मग कच्छात दुष्काळ पडला. गलबतं भरभरून माणसं येऊ लागली. बाकीचे व्यापारी हसले, शेट, तुमच्या रांजणाच्या वासानं सगळा मुलूख इथं येईल म्हणाले. शेटला ते लागलं. त्यानं रांजणांना कुंपण घातलं, पहारेकरी बसवला. बंदरातल्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगेल त्यालाच पाणी.

इकडे पूरबाईनं लेकीला काखेला मारलं, दूरच्या बंदरात जाऊन गलबत धरलं. बरोबर ओळखीचं कोणी नाही. वाटेत पाणी सरलं, लेक तापानं फणफणली. बंदर आलं, पूरबाई घुंगट ओढून कुंपणाशी गेली.

पहारेकऱ्यानं विचारलं, कोणाची तू? ती म्हणाली, हिच्या बापाची वखार आहे इथं. नाव काय त्याचं? पूरबाईनं घुंगट आणखी ओढला. बायांनो, तुम्ही जाणता. धन्याचं नाव घ्यावं तर त्याचं आयुष्य घटतं.

दुसऱ्यांदा गेली. बरं, सासऱ्याचं तरी नाव सांग. तेही कसं घ्यावं? गाव सांगितलं. पहारेकरी म्हणाला, त्या बाजूची अर्धी माणसं इथंच पडली आहेत.

तिसऱ्यांदा गेली. त्यानं पोरीलाच विचारलं, बापाचं नाव काय गं? पोर म्हणाली, बापा. हमाल हसले. एक म्हणाला, मग माझंच नाव हे.

पहारेकऱ्याचं मन हललं. वखारीत जाऊन शेटला विचारलं. शेट कापसाचा पोत पाहत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "नाव नाही तर पाणी नाही."

मग ओहोटी लागली. गलबताच्या तांडेलानं हाक दिली, ज्याला घेणारं कोणी नाही त्यानं परत चढावं. पूरबाई परत चढली. पोरीनं आईच्या खांद्यावर मान टाकली होती.

शेटला तहान लागली. घोट घेतला, तो खारा. दुसरा रांजण उघडला, खारा. तिसरा उघडला, त्याहून खारा. दारात धाकूबाई उभी. शेट म्हणाला, आई, हे काय झालं? ती म्हणाली, "शेट, तू उतरलास तेव्हा मी तुला कोणाचा म्हणून विचारलं होतं? आजारी पोर घेऊन एक बाई तुझ्या दारावरून कोरडी गेली. गलबत अजून खाडीच्या तोंडाशी आहे."

शेट उठला. पागोटं भिरकावलं, घागर घेतली, गोड्या विहिरीवर धावला. घागर डोक्यावर घेऊन परत आला. व्यापारी हसले, त्याला ऐकू आलं नाही. धाकूबाईच्या लेकानं होडी लोटली. वारा उलटा, गलबताचं शीड भरलेलं. होडी मागं पडली, पुन्हा मागं पडली. वेलजी म्हणाला, दर्यामाते, मला बुडव, पण हे पाणी पोचव. मग वारा पडला. शीड लुळं झालं.

वेलजी वर चढला. आधी पोरीच्या तोंडात धार धरली. एक घोट ओघळला, दुसरा ओघळला, तिसरा गिळला. पोरीनं डोळे उघडले. मग बाईनं ओंजळ पुढं केली. ती प्याली. वेलजीनं विचारलं, "बाई, गाव कोणतं?"

तिनं गाव सांगितलं. त्याचंच गाव. कोणाच्या घरची, हे त्याच्या ओठांवर आलं, पण वसा आठवला, त्यानं पुन्हा तिच्या ओंजळीत धार धरली.

घुंगटातून ती म्हणाली, "नाव कसं सांगू? ज्याचं सांगायचं, तोच पाणी घालतोय."

वेलजीनं लेकीला उचललं. मग गलबतावरच्या सगळ्यांना पाजलं, सगळ्यांना परत उतरवून घेतलं.

दुसरे दिवशी सकाळी वेलजीनं कुंपण मोडलं, रांजण धुऊन भरले, आपण पायरीवर बसला. गलबत लागलं. एक म्हातारा उतरला, हात जोडून नाव सांगू लागला. वेलजी म्हणाला, "बाबा, आधी पाणी."

जशी पूरबाईला दर्यामाता पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. परमुलखी गेलेल्याला घोट मिळो, दारी आलेला कोरडा न जावो. ही साठां घागरींची कहाणी पांचां ओंजळींत सुफळ संपूर्ण.