मेढेबेटाची खोट

मेढेबेटावर जायचं तर खाडी ओलांडावी लागते. होडीत पाय ठेवण्याआधीच होडीवाला सांगून टाकतो, "मधल्या फळीतून थोडं पाणी येतं. बसा, पण चपला हातात घ्या." नवखा माणूस दचकतो. पलीकडे धक्क्यावर कोकमं विकणारी बाई आपणहून म्हणते, "वरची वाळलीत, खालची अजून ओलसर आहेत." बेटावर लग्न ठरतं तेव्हा मुलाची आई व्याह्यांसमोर सांगते, "पोरगा गुणी आहे, पण सकाळी त्याला उठवायला तीन माणसं लागतात." पाहुणे हसतात. बेटावरची माणसं हसत नाहीत.

बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला काळ्या दगडाची जुनी खाण आहे. पायऱ्यापायऱ्यांनी ती खोल उतरत जाते. कातळावर ओळीनं खाचा दिसतात. त्यांत लाकडी पाचरी ठोकून वर पाणी ओतत, लाकूड फुगे आणि कातळ सरळ रेषेत सुटे. तळाशी कमरेइतके उंच दगड अर्धवट घडलेले पडून आहेत. वर एक भोक, खाली दोन. देव समजून पाहुणे हात जोडतात.

"देव नाहीत, होडीचे नांगर आहेत," खाण दाखवणारे धोंडू पाथरवट म्हणतात. "त्यांच्यापुढं आम्ही हात नाही जोडत. मान खाली घालतो."

आणि मग गोष्ट सांगतात.

त्या काळी या किनाऱ्यावर लोखंडी नांगर नव्हते, म्हणे. होडी थांबवायची ती दगडानं, आणि दगड हवा तो मेढेबेटाचा. घडून झाला की त्यावर घागरभर पाणी ओतायचं आणि उन्हात तो वाळताना बघत बसायचं. अखंड दगड सगळीकडून सारखा वाळतो. आत भेग असेल तर तेवढी रेघ ओली राहते, कारण भेगेनं पाणी पिऊन ठेवलेलं असतं. या रेघेला बेटावर खोट म्हणतात.

खोट बघण्याचं काम साळूचं. खाणीचा मुख्य पाथरवट नागोजी, त्याची ही सोळा-सतरा वर्षांची लेक. तिच्या नजरेला केसाएवढी रेघ दिसायची. तिनं "आहे" म्हटलं की तीन महिन्यांचं घडीव काम खाडीत लोटून देत. कुणी हुज्जत घालत नसे.

एका वर्षी पैलवाडी बंदराच्या बुधाजी तांडेलानं नवी होडी बांधली आणि तिच्यासाठी मोठा नांगर सांगितला. नारळी पुनवेला होडी पाण्यात उतरायची होती. पुनवेच्या दोन दिवस आधी नांगर घडून झाला. साळूनं पाणी ओतलं. दगड वाळत आला, पण वरच्या भोकापासून तिरकी, वीतभर रेघ काळीशार राहिली.

"बाबा, आहे," ती म्हणाली.

नागोजीनं स्वतः पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा तीच रेघ. मग त्यानं बेटाचे पाच जाणते बोलावले. ते सावलीला बसले आणि विचार करू लागले. जाणत्यांचा विचार लांबत गेला, आणि लांबत लांबत त्यांना हवा होता तिथंच जाऊन थांबला. नवा दगड काढायला दिवस नाहीत. पुनव चुकली तर पैलवाडी दुसरीकडून नांगर आणेल. शिवाय मेढेबेटाचा दगड फुटका निघाला, असं खाडीभर होईल.

टवके बुजवायची रीत बेटावर होतीच. पाट्याचा किंवा उंबऱ्याचा कोपरा उडाला तर लाख वितळवून, तीत दगडाची भुकटी मिसळून भरत. नांगराला कुणी ती कधी लावली नव्हती. आणि या कामात साळूसारखा हात बेटावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"मी नाही भरणार," साळू म्हणाली.

"नको भरूस. मी भरतो," नागोजी म्हणाला. "माझ्या जाड्या हातानं ते दिसेल. दिसू दे. तुझा बाप काय करतो ते कळू दे सगळ्यांना."

"पण तांडेलकाकांना काय सांगायचं?"

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये, पोरी. खोट सांगू नकोस, एवढंच."

पाचही जाणत्यांनी माना डोलावल्या. फरक त्यांना पटला होता.

शेवटी साळूनंच लाख तापवली. पातळ केली, भेगेत मुरवली, वरून भुकटी चोळून घासली. हात फिरवला तर बोटालाही शिवण लागेना. काम इतकं सुरेख उतरलं की तिला क्षणभर बरं वाटलं. पुढं जन्मभर तिला जास्त लाज वाटली ती त्या क्षणाची, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी बुधाजी आला. नांगराभोवती फिरला. जाणते दगडाचं कौतुक करू लागले तसा त्यानं हात वर केला. "तुमचं राहू द्या. तुम्ही आपल्या मालाला नावं ठेवणार थोडेच! साळू, तू सांग. कसा आहे?"

सगळे तिच्याकडे बघत होते. बाप मात्र जमिनीकडे.

"चांगला आहे, काका."

"झालं तर मग! तुझ्या लग्नाचं वऱ्हाड याच होडीतून नेणार. नवरा तेवढा हलका बघ, नाहीतर होडी टेकायची तळाला!"

सगळे मोठ्यानं हसले. जाणते जरा जास्तच मोठ्यानं.

आश्विनात वादळ झालं. पैलवाडीच्या अकरा होड्या भूशिराच्या आडोशाला नांगर टाकून थांबल्या होत्या. दहा होड्या जागच्या हलल्या नाहीत. बुधाजीची सुटली आणि खडकावर गेली. सात जणांपैकी चार बुडाले. त्यांत त्याचा धाकटा भाऊ होता.

नऊ दिवसांनी बुधाजी बेटावर आला. खांद्यावर दोर होता, आणि दोराला नांगराचा वरचा तुकडा अजून बांधलेला होता. साळूला वाटलं, आता तो ओरडेल. तिनं त्या ओरडण्याची वाटच पाहिली, म्हणे.

बुधाजीनं तुकडा नागोजीच्या पायाशी ठेवला. "तुमचा एवढा चांगला दगड मी घालवला," तो म्हणाला. "जागा चुकीची धरली मी. खाली खडक असणार, त्यावर आपटला. चारी घरी जाऊन सांगून आलो, माझी चूक म्हणून. आता माझ्या होडीवर कुणी चढणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुम्हांला सांगायचं राहिलं होतं."

बुधाजीनं तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. "दगडाच्या पोटात ही तांबूस रेघ कसली?"

"शीर आहे ती," एक जाणता म्हणाला. "असते दगडाला."

दुसऱ्यानं बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, तांडेल. माणूस आहे, चुकतो."

आणि बुधाजीनं मान हलवली. त्या हातानं त्याला खरंच धीर आला होता. ते बघून साळूची कानशिलं तापली. भेग बुजवताना, तोंडावर खोटं बोलताना तिला जे झालं नव्हतं ते आता झालं. हीच आपली माणसं, असं मनात आलं आणि तिला तिथं उभं राहवेना.

"ती शीर नाही, काका. लाख आहे," ती म्हणाली. "दगडाला खोट होती. मी बघितली, मी बुजवली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले."

"साळे, गप," नागोजी म्हणाला.

"गप बसले म्हणूनच चार माणसं गेली, बाबा."

बुधाजी खाली बसला. मग एवढंच म्हणाला, "चार दारांत मी सांगून आलोय, माझी चूक म्हणून. आता त्या दारांत कोण जाणार?"

साळू गेली. बेटाचे पाचही जाणते तिच्याबरोबर गेले, असं सांगतात.

पहिल्या दारात तिनं सांगितलं आणि दार लागलं. दुसऱ्या दारातल्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं. त्यानं "काय?" म्हणून कानाला हात लावला. तेच तिला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं, इतक्या मोठ्यानं की आळीतली माणसं बाहेर आली. तिसऱ्या घरची बाई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली, मान वर केली नाही. चौथं घर बुधाजीच्या भावाचं. त्याच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि साळूला तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्यानंतर माणसं पुन्हा बुधाजीच्या हाताखाली होडीवर चढू लागली.

परत येऊन साळूनं खाणीत सगळ्यांना शपथ घातली. या बेटावरून काहीही जाईल ते आपली खोट सांगून जाईल. जाणते म्हणाले, मग आपला दगड घेणार कोण? दोन वर्षं कुणी घेतला नाही. खाणीच्या तळाशी अर्धवट पडलेत ते नांगर त्या दोन वर्षांतले. तिसऱ्या वर्षी पैलवाडीहूनच एक होडी नांगर न्यायला आली.

इथं धोंडूआबांची गोष्ट संपते. परवा मात्र त्यांच्यापुढं बसलेल्या पाहुण्यांतली एक मुलगी उठली नाही.

"आबा, साळू दारात काय बोलली ते तुम्ही सांगितलंत. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला, तेही सांगितलंत. पण जाणते तिथं काय बोलले?"

"बोलले असतील की काहीतरी."

"पाच जणांपैकी एकही काय बोलला ते कुणाला आठवत नाही?"

"जुनी गोष्ट आहे, ताई. चला, भरती लागायच्या आत होडी सुटली पाहिजे."

धक्क्यापर्यंत ते सगळ्यांच्या पुढं चालत राहिले. मागं बघितलं नाही. पाहुणे होडीत बसले. होडीवाल्यानं फळीतलं पाणी उपसून टाकलं आणि बांबू टेकवला. तेवढ्यात आबा धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरले. होडीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"थांब रे. गोष्ट चाललीय यांच्याबरोबर. तिची खोट सांगायची राहिली."

होडीवाल्यानं बांबू काढून घेतला.

"साळू एकटी गेली होती," आबा म्हणाले. ते त्या मुलीशी बोलत होते, पण बघत होते पाण्याकडे. "होडीत दुसरं कुणी चढलं नाही. बापसुद्धा नाही. जाणते गेले हे मागाहून घातलंय. नागोजी आमच्याच घराण्यातला. माझ्या आज्यानं मला ते तसंच सांगितलं, आणि गोष्ट कुठं बुजवलीय ते खुणेनं दाखवलंही. चाळीस वर्षं मी ते सांगतोय. तू पहिली विचारणारी नाहीस. माझ्या लेकीनं विचारलं होतं, बारा वर्षांची असताना. तिला मी गप केलं."

आबांनी कड सोडली.

आजही मेढेबेटाच्या धक्क्यावरून कोकमं जावोत, कोंबडी जावो की लेक सासरी जावो, खोट सांगितल्याशिवाय होडी सुटत नाही. ही गोष्ट तेवढी इतकी वर्षं तशीच सुटत होती.