सरड्याची नजर आणि सायाळीची नखं

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक सायाळ आपल्या एकुलत्या पिल्लाला घेऊन राहत असे. माती उकरण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. कंद काढायचा असो की बीळ वाढवायचं असो, तिची नखं चालू लागली की बघता बघता मातीचा ढीग पडे. स्वभाव मात्र भारी भित्रा. पान गळलं तरी तिचे काटे उभे राहत.

त्याच जंगलात एक सरडा होता. त्याचा एक डोळा पुढे तर दुसरा मागे, असे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरत. म्हणून पाहण्याच्या बाबतीत सगळे त्यालाच मोठा मानत. मुलांनो, सरडा अगदीच थापाड्या नव्हता बरं का. गुहेच्या फटीतून येणारे उजेडाचे बारीक बारीक कण न्याहाळून त्याने एक खरी गोष्ट शोधली होती. अशा कणाची जागा आधी ठरलेली नसते. पाहायला गेलं की मगच ती ठरते. एवढ्यावर थांबला असता तर! पण त्याने पुढे जोडून दिलं, की हे ठरवतं ते पाहणाऱ्याचं मन, आणि जे कणाचं तेच सगळ्या जगाचं. तेव्हापासून जंगलात रीतच पडली. घरट्यातलं अंडं फुटलं की नाही, झऱ्याला पाणी आलं की नाही, सरडा पाहून सांगेपर्यंत काही घडलं असं कुणी धरतच नसे.

एके दुपारी सायाळ कंद घेऊन परतली, तो दरड कोसळून बिळाचं तोंड बुजलेलं. पिल्लू आत. तिच्या तोंडातला कंद गळून पडला. ती धावली, नखं मातीत रोवली, तोच वरच्या फांदीवरून सरडा ओरडला, "थांब! काय करतेस?"

सायाळ दचकून मागे सरली. "पिल्लू आहे हो आत!"

"आहे आणि नाहीही," सरडा म्हणाला. "कुणी पाहत नाही तोवर ते जिवंतही आहे आणि मेलेलंही. तू पाहिलंस की दोहोंतलं एक ठरणार. आणि तुझं मन तर बघ कसं थरथरतंय! भ्यालेल्या मनाने पाहिलंस तर वाईट तेच ठरेल. मग त्याला मारलं कुणी? तूच."

"मग तुम्ही तरी पाहा ना, महाराज."

"छे छे! तुझ्या भीतीची लागण माझ्या नजरेला व्हायची. आधी मन शांत कर, मग उकर. आणि कान लावून बसू नकोस. ऐकणं म्हणजे पाहणंच."

शेजारच्या झाडावरून वानर म्हणालं, "ऐक गं मावशी, त्यांचा अभ्यास आहे. तुझं काय, गवत हललं तरी काटे फुलतात. उगाच घाई करून पोराच्या जिवावर उठशील."

सायाळ बिळासमोर बसली. डोळे मिटून मन शांत करू लागली. पण आईच ती. शांत व्हायला जावं तितकी छाती जास्तच धडधडे. आणि धडधडली की वाटे, झालं, आत्ता आपल्यामुळेच आत काहीतरी झालं. मातीआडून बारीकशी खरखर येत होती. ती कानावर पडू नये म्हणून तिने दोन्ही कान पंजांनी झाकून घेतले.

दुसऱ्या दिवशी ओल्या मातीतून एक गांडूळ वर आलं. "बाई, अशी का बसलीस?" त्याने विचारलं. सायाळीने सगळं सांगितलं.

"तुझ्या मनाची वाट कोण बघतंय?" गांडूळ म्हणालं. "पिल्लाचं अंग मातीला टेकलंय, श्वास मातीला लागतोय. ठरायचं ते तेवढ्यानेच क्षणाक्षणाला ठरतंय. तो उजेडाचा कण एकटा, त्याला कुणी शिवलेलं नसतं, म्हणून त्याची गोष्ट निराळी. इथे तुझ्या मनावाचून काहीच अडलेलं नाही. अडलंय ते नखांवाचून."

वानर फांदीवर लोळून हसलं. "घ्या! स्वतःला डोळे नाहीत, आणि पाहण्यावर प्रवचन!" खाली जमलेले सगळेच हसले. सायाळीने उचललेला पंजा पुन्हा कानावर ठेवला.

चौथ्या सकाळी तिने कान उघडले, तर खरखर थांबली होती. ती शांतता मात्र तिला सोसवली नाही. ती मातीवर तुटून पडली. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली यायच्या आत बीळ मोकळं झालंसुद्धा. इतकंच काम होतं ते. पिल्लू निपचित पडलं होतं, अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. इवल्या नखांत माती भरलेली. ते आतून आईच्या दिशेने उकरत आलं होतं. दोघांच्या मध्ये वीतभर माती उरली होती, फक्त वीतभर.

"सांगितलं होतं की नाही?" सरडा म्हणाला. "मन शांत व्हायच्या आत पाहिलंस."

"डोळे त्यालाही होते," सायाळ म्हणाली. "तीन दिवस ते आतून पाहत होतं. आपण जिवंत आहोत हे त्याला दिसत होतं. त्याचं पाहणं तुम्ही धरत नाही?"

सरड्याने एक डोळा तिच्याकडे वळवला. दुसरा एका माशीवर होता. जीभ सुटली, माशी पोटात गेली. "हा प्रश्न गहन आहे," तो म्हणाला. "गहन आहे," वानरानेही मान हलवली.

काही दिवसांनी एका सशाचं बीळ ढासळलं. सगळे प्राणी भोवती गोल करून, डोळे मिटून मन शांत करत बसले. सायाळ त्यांच्या पाठींवरून पुढे घुसली आणि लटलट कापणाऱ्या पंजांनी तिने सशाला बाहेर ओढलं. ससा वाचला. आपण सर्वांनी मन शांत ठेवलं म्हणून तो वाचला, असं त्या जंगलात अजून अभिमानाने सांगतात.

तात्पर्य : ढिगाऱ्याखाली जीव असेल, तर आपलं मन कसं आहे ते तपासत बसू नये, हात कापत असले तरी उकरावं. आत अडकलेल्यालाही डोळे असतात, आणि तो आपलीच वाट पाहत असतो.