वाढलेली भाकरी

"…पण महाराज, टोपलीत आहे त्यापेक्षा जास्त कुणी वाढू शकतं का?"

अच्युतराव गरुडांनी हे विचारलं खरं, पण उत्तर ते घरूनच बांधून घेऊन आले होते. मोठी माणसं मठात येतात ती बहुधा अशीच. त्यांना सल्ला नको असतो, होकार हवा असतो.

राघोबुवा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "नीट सांग बाबा. तुमची संघाची भाषा मला कळत नाही."

अच्युतराव हसले. पोरवयात याच ओट्यावर ते धुळाक्षरं गिरवत होते. आता ते नऊ देशांच्या संघाचे खजिनदार होते. संघाचं अंदाजपत्रक सात वर्षांचं एकदम ठरे, आणि ते ठरवताना अच्युतरावांचा शब्द शेवटचा असे. म्हणजे निदान त्यांना तरी तसं वाटे.

"सात वर्षांचा हिशेब मांडला आणि निम्म्या वाटेवर तोंडघशी पडलो," ते म्हणाले. "पूर आले. लढाईतून पळालेली माणसं आली. कर्जाचं व्याज वाढलं. आता सगळं नव्यानं मांडायचंय. संघाला उत्पन्नाच्या नव्या वाटा हव्यात."

"मग शोधल्यास?"

"शोधल्या की! जहाजांच्या धुरावर कर सुचवला, तर संघातले बंदरकोटवाले म्हणाले, जहाजं आमची आहेत. बड्या कंपन्यांच्या नफ्यातून वाटा मागू म्हटलं, तर दुसरे म्हणाले, कंपन्या आमच्या आहेत. एक जरी देश नाही म्हणाला, तरी ठराव पडतो महाराज. ज्याच्या दारात जावं, त्याचं कुत्रं अंगावर येतं."

"मग?"

"मग… मार्ग काढला."

मार्ग असा होता. संघात डोंगरवट नावाचा एक चिमुकला देश होता. तिथल्या नदीवर पूल बांधायला संघानं पैसे मंजूर केले होते. खांब उभे राहिले होते, वरचा पूल राहिला होता.

"निम्म्याहून जास्त पैसे नुसते पडून आहेत," अच्युतराव म्हणाले. "पडलेलं उचललं, तर कुणाचं काय जातं? उद्याच्या सभेत तेवढं मांडायचं. आशीर्वाद द्या."

"पडून का आहेत?"

"संथ लोक आहेत हो. म्हणे, घाट उन्हाळ्यातच उघडा असतो. म्हणे, कामाला वेळ लागतो."

बुवांनी शेंगांची टरफलं झटकली.

"आज अमावास्या. पंगत आहे. वाढायला तू उभा राहा."

अच्युतरावांना गंमत वाटली. नऊ देशांना वाढणारा माणूस, त्याला गावच्या पंगतीचं काय एवढं? कोट काढला, बाह्या सारल्या आणि टोपली उचलली.

अमावास्येच्या पंगतीला ज्याला यायचं तो येई. मेंढके, गवंडी, बाजारकरी, सगळे एका ओळीत बसत. पिठाच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो मठाच्या दारात लावून हिंमतशेटही येऊन बसले होते. जेवण फुकट असलं की शेटना भूक जरा जास्तच लागे.

पहिली फेरी झोकात झाली. प्रत्येकाच्या पत्रावळीवर दोन भाकरी आणि आमटी. टोपली रिकामी झाली, तेवढ्यात हिंमतशेट गरजले.

"अहो वाढपी! इकडं भाकरी आणा!"

अच्युतराव स्वयंपाकघरात धावले. ठकूबाई चुलीपुढे घामाघूम झाली होती.

"पीठ सरलं दादा. शेजारून मागून आणते न् थापते. वाईच दम काढायला सांगा."

"अहो, भाकरी!" बाहेरून पुन्हा आवाज आला. या खेपेला दोघं-तिघं हसले.

अच्युतरावांचे कान तापले. मागणारा मागतोय आणि आपले हात रिकामे, ही गोष्ट त्यांना कधीच सोसली नव्हती. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. नजर तयारीचीच होती, तिला जे हवं ते चटकन सापडलं.

ओळीच्या शेवटी एक बोळक्या तोंडाचा म्हातारा मेंढका बसला होता. एक भाकरी त्यानं आमटीत कुस्करली होती आणि ती मऊ व्हायची वाट बघत होता. दुसरी पत्रावळीच्या कडेला अख्खीच्या अख्खी पडून होती.

"आजोबा, ही खाणार आहात का?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. इस्त्रीचा सदरा बघून तो सावरून बसला.

"दात न्हाईत सायेब. माझं आपलं दमानं चालतंय… पर घ्या की. घ्या."

त्यानं स्वतःच्या हातानं ती भाकरी पुढे केली. अच्युतरावांनी ती टोपलीत टाकली, ओळीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि हिंमतशेटच्या पत्रावळीवर वाढली.



आमटी ओरपणारे हात जागच्या जागी थांबले. हिंमतशेटनी भाकरीकडे पाहिलं, अच्युतरावांकडे पाहिलं, आणि ते ताडकन उठले.

"दुसऱ्याच्या पानातलं वाढता? उष्टं?"

अच्युतरावांच्या हातातली टोपली खाली गेली. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? याच पंगतीत जेवून ते वाढले होते. पानात पडलेलं परत उचलत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ते नऊ देशांचे खजिनदार.

शेट तरातरा निघून गेले. त्याहून वाईट म्हणजे तो म्हाताराही उठला. त्यानं अच्युतरावांना हात जोडले.

"माझ्यापायी पंगत मोडली सायेब. चुकलं माझं."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण तो न जेवता बाहेर गेला आणि विहिरीपाशी घोंगडीवर जाऊन बसला. कुस्करलेली भाकरी पत्रावळीवर तशीच राहिली.

अच्युतरावांना धरणी दुभंगावीशी वाटली. सभेत त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, वर्तमानपत्रांनी त्यांची चित्रं काढून खिल्ली उडवली होती. पण ज्याच्या पानातलं उचललं, त्यानंच आपली माफी मागावी, असं आजवर झालं नव्हतं.

पंगत कशीबशी उरकली. लोक पांगले. राघोबुवा आले, शेटच्या पत्रावळीवरची भाकरी त्यांनी उचलली आणि अच्युतरावांसमोर धरली.

"ही कुणाची रे?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं. शेटची म्हणावं तर शेट टाकून गेले. म्हाताऱ्याची म्हणावं तर ती आपणच उचललेली. मठाची म्हणावं तर आता मठात ती कुणी खाणार नाही.

बुवांनी भाकरी हातातच ठेवली.

"दारात शेटचा टेम्पो होता. त्यात काय होतं?"

"पीठ."

"मागितलंस?"

"ते नाही म्हणाले असते, महाराज."

"विचारलंस का?"

अच्युतरावांनी दाराकडे पाहिलं. टेम्पो केव्हाच निघून गेला होता.

"म्हाताऱ्याला मात्र विचारलंस."

"हो."

"का?"

उत्तर आलं, पण अगदी हळू.

"तो नाही म्हणणार नाही, हे माहीत होतं."

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडून अंगणात टाकला. कावळा आला आणि घेऊन गेला. मग दुसरा तुकडा. मग तिसरा.

"कुठला रे तो म्हातारा?" बुवांनी विचारलं.

"मी… विचारलं नाही."

"डोंगरवटचा आहे. मेंढरं घेऊन खाली आलाय. वर जाताना नदी आडवी येते म्हणे. वाहून जातात मेंढरं."

अच्युतराव मटकन ओट्यावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलू लागले. इतक्या वर्षांचा रुबाब बोटांच्या फटींतून गळत होता, आणि त्यांना तो पुसावासाही वाटत नव्हता.

"त्याचे पाय धरतो महाराज. उद्याच्या सभेत सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. नोकरी सोडतो. मी… मी कशाच्याच लायकीचा नाही. लाज वाटते मला. फार लाज वाटते."

राघोबुवांनी हातावरचा भाकरीचा चुरा झटकला.

"वाटू दे," ते म्हणाले. "तो म्हातारा अजून उपाशी आहे."