साडेतीन हजारांचं डोकं

“पण माई, तोच रंग, तेच पाणी, तेच डोकं... मग घरी जे दीडशे रुपयांत होतं, त्याला पार्लरमध्ये साडेतीन हजार कसे?”

ओसरीवर पाट मांडून सगुणामाई वस्तऱ्यात नवीन पातं बसवत होत्या.

“ही लूट नाही? तुम्हीच सांगा.”

“ऐकतेय,” माई म्हणाल्या. “बोल तू.”

आसावरी बोलतच होती. पहाटेच्या एसटीत बसल्यापासून ती मनातल्या मनात बोलत आली होती, आता फक्त आवाज फुटला होता. वारणेच्या काठावरच्या या मठात चार-पाच विरक्त बायका राहत. माई त्यांच्यात थोरल्या. आसावरीचे वडील गेल्यापासून तिची आई, शालन, घरात काही बिनसलं की माईंपाशी येऊन बसायची. एरवी दिवसभर बसायची आणि संध्याकाळी परतायची. या वेळी मात्र पिशवी भरून आली होती आणि फोन बंद होता.

मठ, भजन, गोड बोलणारे महाराज, यांचा आसावरीला मनस्वी तिटकारा. माईंचं तेवढं तिला पटायचं, कारण माईंना राग यायचा. एक पुढारी चपला घालून ओसरीवर चढला, तेव्हा त्याला त्यांनी पायरीवरूनच वाटेला लावलं होतं. असा राग आसावरीला हवा होता. शिवाय माईंचं डोकं तुळतुळीत. केसांच्या नादी लागण्यातला मूर्खपणा त्यांना नाही कळायचा, तर कुणाला?

“केमिकल तेच असतं, माई. मी डब्यावरचं वाचलंय, पार्लरवाल्यांचंही वाचलंय. बायकांना आधी सांगायचं, तुम्ही म्हाताऱ्या दिसता. मग त्या भीतीचे पैसे घ्यायचे. आम्ही मैत्रिणी याच्याविरुद्ध मोहीम चालवतोय वर्षभर. आणि माझी आई... माझीच आई तिथं जाऊन बसते!”

“का गेली?”

“विचारलं ना! म्हटलं, घरी मिळत नाही असं काय मिळालं तुला तिथं? तर म्हणते...” आसावरी हसली. ते हसू तिच्या रागापेक्षा वाईट होतं. “म्हणते, त्या मुलीनं डोकं धुतलं माझं. डोकं धुतलं! अहो, त्याचेही पैसे वेगळे लावलेत त्यांनी!”

आत स्वयंपाकघरात कुणीतरी विळीवर भोपळा चिरत होतं. खच्... खच्...

“आणि घरी?” माईंनी विचारलं.

“घरी काय वाईट व्हायचं? महिन्यातून एकदा, रविवारी. न्हाणीघरात आरसा खिळ्याला टांगायचा, वाटीत रंग कालवायचा, जुन्या टूथब्रशनं लावायचा. अर्ध्या तासाचं काम. मागं थोडं पांढरं राहायचं, तेही मी सांगायचे तिला. दर वेळी सांगायचे. आई, मागं राहिलंय गं. माझं लक्ष असायचं!”

माईंनी वस्तरा उन्हात धरून पाहिला.

“आणि मग तू तिचा फोटो काढलास.”

आसावरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तिचा चेहरा नव्हता त्यात. ती देवापुढं दिवा लावत होती, पाठमोरी. शेजारी मी बिल ठेवलं. वर लिहिलं, साडेतीन हजारांचं डोकं, आणि फोटो माझ्या नावानं नेटवर टाकला. खोटं काय लिहिलं त्यात? कितीतरी मुलींनी कळवलं, आमच्याही घरी असंच चालतं म्हणून. डोळे उघडले म्हणून...”

“दूध संघातल्या बायकांचेही उघडले,” माई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“तुझी आई नोकरी करते तिथं. सकाळी ऑफिसात शिरली, तर टेबलावरून एकीनं हाक मारली. शालनताई, जरा वळा बघू, साडेतीन हजार दिसतात का! मग दुसरी म्हणाली, उजेडात या. मग शिपायापर्यंत सगळे हसले. तुझी आई वळली.”

“वळली?”

“वळली. वळून उभी राहिली. त्यांचं बघून होईपर्यंत.”

आसावरीला ते दिसलं आणि तिला भयंकर राग आला. त्या बायकांचा आला, शिपायाचा आला. आईचा तर सगळ्यात जास्त आला.

“वळायचं कशाला तिनं? थोबाडीत द्यायची! हीच तर चीड येते मला. कुणी म्हटलं डोकं रंगव, रंगवलं. कुणी म्हटलं वळ, वळली. स्वतःचं म्हणून काही आहे की नाही? न्यायला आलेय मी तिला. कुठाय ती?”

“आत भोपळा चिरतेय.”

“आई!”

विळी थांबली नाही.

“हाका मारू नकोस,” माई म्हणाल्या. “ती केस काढायला आलीय.”

“काय?”

“काल आली, पाटावर बसली. म्हणाली, माई, भांडणाचं मूळच काढून टाका. घरचा रंग नको नि पार्लरचा नको.”

आसावरी पायरीवर बसली. पण तोंड चालूच राहिलं, कारण बोलणं थांबलं तर काय होईल याची तिला भीती वाटत होती.

“तुम्ही असलं काही करणार नाही. माई, हे अमानुष आहे. विधवा बाईचे केस काढायचे... कुठल्या काळात आहोत आपण?”

आता माईंनी मान वर केली. तो राग आला होता. पंचक्रोशीला ठाऊक असलेला, आसावरीला हवाहवासा वाटलेला. फक्त तो तिच्या बाजूनं आला नव्हता.

“त्या काळाचं मला शिकवतेस? माझ्या आजीला पाहिलंय मी. लाल आलवणात, चुलीमागं. तिच्यासाठी चार पुरुषांनी मिळून न्हावी बोलावला होता. त्यांच्यात शिकलेलं कुणी नव्हतं.” माईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुमच्या घरी न्हावी लागला नाही.”

“मी... मी तिच्यासाठीच...”

“गप.”

आसावरी गप्प झाली. कॉलेजात प्राचार्यांनाही तिनं स्वतःला असं गप्प करू दिलं नव्हतं.

पारावरून एक कावळा उडाला. नदीकडून धुण्याचा आवाज येत होता.

“मठाची रीत ठाऊक आहे तुला?” माईंनी विचारलं. “इथं आपल्या डोक्याला आपण वस्तरा लावायचा नाही. एकीनं दुसरीची हजामत करायची. दर पौर्णिमेला. शालनला मी विचारलं, तुझी कोण करील? म्हणाली, माझी लेक येईल ना, ती करील. अर्धी तिनंच केलीय.”

आतली विळी तशीच चालली होती. खच्... खच्... आसावरीला वाटलं, आई बाहेर येईल आणि म्हणेल, नाही गं, मी असं नाही म्हणाले.

कुणी आलं नाही.

माईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. महिन्याभरात उगवलेले पांढरे खुंट उन्हात चमकले. त्यांनी पाण्याचा तांब्या आसावरीपुढं सरकवला, वस्तरा तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून पाटावर बसल्या.

“मला येत नाही,” आसावरी म्हणाली.

“हात बसव. आधी माझी कर. मग तिची.”

“मी तिची करणार नाही!”

“ते माझी झाल्यावर बघू.”

“माई, मला राग आलाय. लागेल तुम्हाला.”

“लागेल,” माई म्हणाल्या आणि मान खाली घातली.

आसावरीनं ओंजळीत पाणी घेऊन त्या डोक्यावर ओतलं. ते कपाळावरून ओघळून माईंच्या नाकाच्या शेंड्याला थांबलं. माईंनी पुसलं नाही. मग दुसऱ्या ओंजळीला तिनं आपोआपच त्यांच्या कपाळावर आडवा हात धरला, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

पार्लरमधली मुलगी असाच धरत असेल का हात...

तो विचार तिनं झटकून टाकला. ते पैसे घेतात, ती स्वतःला म्हणाली. पैसे घेऊन धरतात.

तिनं वस्तरा टेकवला. कपाळापासून वर, हळू. पांढरे खुंट पाण्यासोबत पात्यावर जमू लागले. पुढचा भाग सोपा होता. पण रागानं हात जडच राहिला आणि कानामागं वळताना व्हायचं तेच झालं. एक लालबुंद रेघ उमटली.

“माई!”

“चालू दे.”

“रक्त येतंय.”

“दिसतंय का तुला?”

“हो.”

“मग पूस आणि चालू दे.”

तिनं स्वतःच्या ओढणीनं पुसलं. त्या बारक्या जखमेवर बोट दाबून धरलं आणि रक्त थांबेपर्यंत काढलं नाही. हळूहळू माईंच्या डोक्याचा भार तिच्या तळहातावर आला. एवढ्या तापट बाईचं डोकं, आणि झोपलेल्या मुलासारखं विसावलं. तिनं आयुष्यात कुणाचं डोकं असं हातात घेतलं नव्हतं. चळवळीत तिनं कितीतरी बायकांचे हात हातात घेतले होते, घोषणा दिल्या होत्या. आईचं डोकं मात्र तिनं कायम दारातूनच पाहिलं होतं. पायात चपला सरकवता सरकवता.

तिचे डोळे भरून आले. त्याचाही तिला राग आला.

हात हलका झाला होता. दुसरा कान झाला. माथा झाला. ती बाजूला होऊन पाहू लागली. सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त मागं, मानेच्या वर जो खळगा असतो तिथं, पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा तसाच होता.

आणि तिच्या तोंडून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तेच निघालं. सूरसुद्धा तोच.

“मागं राहिलंय.”

आतली विळी थांबली.

स्वयंपाकघराच्या दारात शालन येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर गच्च ओढलेला, हाताला भोपळ्याच्या बिया चिकटलेल्या. ती लेकीकडे पाहत नव्हती. लेकीच्या हातातल्या वस्तऱ्याकडे पाहत होती.

आसावरीनं ते पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती...

माईंनी मान वळवली नाही.

“मग मला काय सांगतेस?” त्या खेकसल्या. “माझे हात पोचतात होय तिथं?”