सांजबोलाचा वसा

ऐक जिवतीमाय, तुझ्या सांजबोलाची कहाणी.

आटपाट नगर, नगरात तांबट आळी, आळीत लखोबा तांबटाचं घर. घरात लखोबा, त्याची बायको आवडाई आणि त्याची म्हातारी आई. दिवसभर हातोडा चाले, हंडे-घागरी घडत. काही काळानं आवडाईला दिवस गेले.

तिला वाटलं होतं, लेकरू येईल ते लोण्याच्या गोळ्यासारखं येईल. मांडीवर घेतलं की मांडी भरेल. रडलं की आळी जागी होईल. शेजारणींना बोलवीन, पाळण्याची दोरी त्यांच्या हाती देईन, म्हणेन, बघा गं माझं लेकरू. असं वाटलं होतं. आणि झालं काय? लेक आली ती ओंजळीएवढी. मांडीवर घेतली तरी मांडी रिकामीच. रडली तर शेजघराबाहेर ऐकू येईना. दूध ओढता ओढता दमे, ओठ निळे पडत, छाती भात्यासारखी वरखाली होई. शेजारणी आल्या, पाळण्यात डोकावल्या, काही न बोलता कुंकू लावून निघून गेल्या.

सासूनं दोन लेकरं पाळण्यातूनच गमावली होती. लखोबा तेवढा वाचला होता. तिनं नातीचं नाव ठेवलं धोंडी. दगडाला कुणाची दृष्ट लागत नाही म्हणाली. मग तिनं सुनेला आणि लेकाला समोर बसवलं, घरचा नेम सांगितला. "आजारी लेकराचं बरं दिसलं तर तोंडानं बोलू नये. बाहेर बोलू नये, घरात बोलू नये, एकमेकांजवळही बोलू नये. बोललेलं उलटतं." दोघांनी मान डोलावली. भ्यालेल्या माणसाला नेम बरा वाटतो, बायांनो. धरायला काहीतरी मिळतं.

नगरात एक वैद्य होता. त्याला बोलावलं. त्यानं नाडी पाहिली, छातीला कान लावला, मधातून चाटण दिलं. म्हणाला, औषध हळू चालेल. लागू पडलं की लेकरू आपणच सांगेल. काही धरेल, हसेल, कुशीवर वळेल. तेवढं मला सांगत जा, त्यावरून मी मात्रा बांधीन.

चाटण सुरू झालं. मग काय झालं? एके सकाळी आवडाई लेकीला पाजत होती. धोंडीनं हात वर केला आणि आईची बांगडी धरली. नुसती धरली नाही, ओढली. आवडाईचं काळीज सुपाएवढं झालं. धावत जाऊन नवऱ्याला सांगावं असं वाटलं. मग नेम आठवला. तिनं तो हात बोट बोट करून सोडवला आणि पदराआड केला. वैद्य आला, विचारलं, काही नवं? आवडाई म्हणाली, काही नाही. लखोबा म्हणाला, काही नाही.

मग काय झालं? दुपारची वेळ. लखोबा घागरीला ठोके देत होता, लेक बाजूला गोधडीवर होती. ठोका पडला, धोंडी हसली. त्याला वाटलं, भास झाला. ठोका बदलून पाहिला, पुन्हा हसली. हलका ठोका दिला, लहान हसली. भारी दिला, मोठं हसली. लखोबानं हातोडा खाली ठेवला, तोंडावर उपरणं घेतलं, तसाच उठून आत गेला आणि बायकोला विचारलं, भाकरी झाली का. वैद्य आला, विचारलं, काही नवं? लखोबा म्हणाला, काही नाही. आवडाई म्हणाली, काही नाही.

मग काय झालं? लखोबा बाजाराला गेला होता, सासू देवळात होती. धोंडीनं एक पाय उचलला, एक खांदा उचलला, कुंथली, लाल झाली आणि पालथी पडली. मान वर करून आईकडं बघायला लागली. काय तिची ती नजर, जसा गड जिंकला. आवडाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि कुणी पाहायच्या आत लेकीला पुन्हा उताणी करून ठेवली. वैद्य आला, विचारलं, काही नवं? दोघं म्हणाली, काही नाही.

वैद्य खिन्न झाला. म्हणाला, मग माझं औषध लागू पडत नाही. कोवळ्या जिवाला उगाच कडू कशाला चाटवायचं? त्यानं चाटण बंद केलं आणि निघून गेला.

चाटण बंद झालं, लेक उतरणीला लागली. हसणं गेलं. बांगडी धरणारा हात गोधडीवर पडून राहिला. पुन्हा ओठ निळे, पुन्हा छातीचा भाता. आवडाई मनात म्हणे, मी पाहिलं, मनात फुलले, माझीच दृष्ट लागली. लखोबा मनात म्हणे, मी ठोके देऊन हसवलं, लेकीचं बळ मीच खर्चून टाकलं. ती चुलीपाशी रडे, तो भट्टीपाशी रडे. एकमेकांसमोर आले की विचारत, मीठ आहे का, पाणी तापलं का. एका घरात दोघं, आणि दोघंही एकटी. याहून मोठं दुखणं कोणतं, सांगा.

अशा एका संध्याकाळी दिवेलागणीला एक म्हातारी दारात आली. डोक्यावर तांब्याचा हंडा. म्हणाली, "बाबा, हंडा गळतो. विहिरीवर भरते, घरी जाईतो अर्धा होतो. भोक काही दिसत नाही."

लखोबानं हंडा आडवा केला, आत डोकावला. नुसता अंधार. आवडाईनं बाहेरून हात फिरवला, पाहिलं. नुसतं तांबं. म्हातारी म्हणाली, "असं वेगवेगळं नका पाहू. बाई गं, तू आत दिवा धर. बाबा, तू बाहेरून बघ." आवडाईनं निरांजन हंड्यात नेलं. लखोबा बाहेरून बघत राहिला. बुडाच्या सांध्याजवळ मोहरीएवढा उजेड दिसला.

लखोबानं तिथं झाळण लावून भोक बुजवलं. म्हातारी ओट्यावर बसली आणि पाळण्याकडं बघून म्हणाली, "लेक काय करते?"

तो म्हणाला, काही नाही, माय. ती म्हणाली, काही नाही, माय.

"मला नका सांगू. मला काय करायचंय? एकमेकांना सांगा."

तो झाळणावर बोट फिरवत राहिला, ती वात सारत राहिली. म्हातारीला राग आला. म्हणाली, "अरे, देव लेकरू देतो तेव्हा डोळ्यांच्या दोन जोड्या देतो. तुम्ही चारही डोळ्यांवर झाकण ठेवून बसलात, मग वैद्यानं काय हवेत औषध द्यावं? वसा सांगते, घ्याल?"

"घेऊ, माय. पण उतणार नाही, मातणार नाही, असं आमच्यानं होईल का?"

"उताल, माताल, विसराल, पुन्हा बसाल. माणसंच तुम्ही. ऐका. सांज झाली, दिवा लागला की दोघांनी बसावं. लेकरू मध्ये ठेवावं. दिवसात चांगलं दिसलं ते बोलावं. वाईट दिसलं ते बोलावं. ज्याचं भय वाटलं ते बोलावं. एक बोलेल तेव्हा दुसऱ्यानं ऐकावं, मध्ये शहाणपण शिकवू नये. बोलून झालं की गूळखोबरं एकमेकांच्या तोंडात घालावं. दमलेल्यानं दमलो म्हणावं, दुसऱ्यानं लेकरू घ्यावं. बाप्यानं बायकांचं काम म्हणून उठू नये, बाईनं त्याला काय कळतं म्हणून उठवू नये. एकट्यानं हा वसा होत नाही."

एवढं बोलली आणि निघाली. लखोबा हंडा उचलायला वाकला, म्हणाला, माय, हंडा. मागं वळून पाहतो तो आळीत कुणी नाही. ती जिवतीमाय होती, की आळीबाहेरची कुणी विसरभोळी म्हातारी होती, ते कहाणीला ठाऊक. हंडा मात्र तिथंच होता आणि गळत नव्हता.

मग दोघं बसली. लेक मध्ये ठेवली. आवडाईनं लेकीची गोधडी सारखी केली, लखोबानं दिवा जवळ ओढला. शेवटी आवडाई म्हणाली, तिनं माझी बांगडी धरली होती. लखोबा म्हणाला, ती माझ्या ठोक्याला हसली होती. आवडाई म्हणाली, ती पालथी पडली होती.

"पालथी? कधी?"

"तुम्ही बाजाराला गेला होता तेव्हा."

"मग?"

"मग मी तिला उताणी केली."

लखोबा हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. म्हणाला, "धन्य आहेस. लेकीनं जग उलटं केलं आणि तू सुलटं करून ठेवलंस."

"आणि तुम्ही? ठोके बदलबदलून लेकीला हसवलंत, आणि मला येऊन विचारलंत, भाकरी झाली का. तोंडावर उपरणं होतं, मला वाटलं धूर लागला."

मग दोघांनी आपापलं भय सांगितलं. तिनं आपल्या दृष्टीचं, त्यानं आपल्या ठोक्यांचं. बोलता बोलता दोघांच्याही ध्यानात एकच गोष्ट आली. बांगडी धरली ती चाटणावर असताना. हसली ती चाटणावर असताना. पालथी पडली तीही चाटणावर असताना. लखोबा गूळखोबरं खायलाही थांबला नाही. तसाच वैद्याच्या दारी गेला, त्याला घेऊन आला.

वैद्यानं सगळं ऐकलं. कपाळाला हात लावला. म्हणाला, "तुम्ही तांबट कसले, कुलपं करणारे आहात. लेकरू ओरडून सांगत होतं आणि तुम्ही तोंडाला टाळं लावून बसलात." मग आपणही खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, माझंही चुकलं. विचारून गेलो, बसून पाहिलं नाही. त्यानं चाटण पुन्हा सुरू केलं.

सासू आतून ऐकत होती. पहिल्या सांजेला तिनं भांडी आपटली. दुसऱ्या सांजेला दाराशी उभी राहिली. तिसऱ्या सांजेला येऊन बसली. आवडाई भ्याली. म्हणाली, "आत्याबाई, नेम मोडला, रागावलात का?"

सासूनं नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आज धोंडीनं मला ओळखलं. माझ्याकडं झेपावली." एवढं म्हणून नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "माझ्या दोघांचं चांगलं मी कुणालाच सांगितलं नाही गं. मोठा फार गोड हसायचा. ते कुणी पाहिलंच नाही. आता मी एकटीच आठवते." आवडाईनं गुळाचा खडा घेतला आणि सासूच्या तोंडात घातला. त्या सांजेपासून वसा तिघांचा झाला.

चाटणानं हळूहळू गुण आला. सगळे दिवस सारखे नव्हते, बायांनो, खोटं कशाला सांगू? कधी लेकीला ताप येई, कधी ओठ पुन्हा काळवंडत. तेव्हा आवडाई म्हणे, आज मी दमले, माझ्यानं होत नाही. लखोबा हातोडा ठेवी, लेकीला खांद्यावर घेई आणि आळीतून फिरवी. लोक हसले. म्हणाले, तांबटाच्या खांद्यावर आता घागरीऐवजी लेकरू. लखोबा म्हणाला, हीही मीच घडवतोय, जरा नाजूक काम आहे. कधी तो घाबरून गप्प होई. तेव्हा आवडाई म्हणे, बोला, वसा आहे. मग तो बोले.

धोंडी बसायला लागली, सांजेला बोललं गेलं. दात आला, बोललं गेलं. उष्टावणाचा घास तोंडाबाहेर थुंकला, तेही कौतुकानं बोललं गेलं. रांगत रांगत भट्टीकडं निघाली, ते भयानं बोललं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी लखोबानं भट्टीभोवती आडोसा केला. ज्या शेजारणी काही न बोलता कुंकू लावून गेल्या होत्या, त्या आता सांजेला येऊन विचारत, आज काय बोल आहे? आवडाई ताठ मानेनं सांगे. ऐकता ऐकता त्याही आपल्या घरचं सांगत. तांबट आळीत दिवेलागणीला हातोडे थांबायला लागले.

एवढं सगळं झालं, पण एक राहिलं. तिच्या वयाची पोरं आळीत धावत होती आणि धोंडी आईच्या कडेवर होती. वैद्य म्हणाला होता, आता तिला पायावर सोडा, छाती बळकट होईल. पण आवडाईचा हात सुटत नव्हता. लेक दोन पावलं टाकायला उठली की तिला निळे ओठ दिसत आणि ती उचलून घेई.

एका सांजेला तिघं बसली. लखोबा म्हणाला, "आज धोंडी ऐरण धरून उभी राहिली. मग तिनं ऐरण सोडली. मी हात पुढं केला नाही."

आवडाईचा चेहरा उतरला. पण मध्ये बोलायचं नाही असा नेम होता. तो थांबल्यावर ती म्हणाली, "माझं आजचं वाईट सांगते. ते लेकीत नाही, माझ्यात आहे. ती आता बळकट झाली, आणि मी अजून तिला ओंजळीतच धरून बसले आहे. सोडली आणि श्वास अडकला तर? या भयानं मीच तिला खाली टेकू देत नाही."

लखोबा म्हणाला, "मलाही भय वाटलं. ऐरण सोडली तेव्हा मी दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून धरले होते. भय जाईल असं मी म्हणत नाही. पण तू एकटी भिऊ नकोस. दोघं भिऊ."

सासू म्हणाली, "तिघं."

मग गूळखोबरं खाल्लं, आणि धोंडीनं आपल्या हातातला गूळ आधी आजीच्या, मग बापाच्या, मग आईच्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाई उठली. अंगण झाडलं, सडा घातला. लेकीला कडेवरून खाली ठेवलं आणि चार हात लांब जाऊन बसली. नवरा एका बाजूला बसला, सासू दुसऱ्या बाजूला. आवडाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ठरवलं, आज ती पडली तर ती उठेपर्यंत मी हे हात उचलणार नाही. ती चालली तर सगळ्या आळीला हाक मारून दाखवीन, आणि कुणाची दृष्ट लागेल म्हणून पदर आडवा धरणार नाही.

जिवतीमाय, जसा आवडाई-लखोबाला हा वसा फळला, तसा इथं बसलेल्या आयांना, मागं भिंतीला टेकून उभ्या बापांना आणि दाराआडून ऐकणाऱ्या आज्यांनाही फळो. कुणाचं लेकरू आजारी असेल, तर त्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलती राहोत. ही शेकडो सांजांची कहाणी एका सांजेत सांगितली, सांगणारीला आणि ऐकणाऱ्यांना सुफळ होवो, इथं संपूर्ण झाली.