पुरलेल्याचं नाव

तेच तेच किती वेळा सांगायला लावता? ऐका मुकाट्यानं. आफ्रिकेत रस्त्याच्या कामावर मी दुभाष्या होतो. प्रिचर्ड साहेबानं भर पावसातही काम थांबवलं नाही. दरड कोसळून ओकेलो नावाचा मजूर मेला, तिथंच टेकडीवर पुरला. तेव्हापासून टेकडीला आणि भोवतालच्या सगळ्या मुलखाला लोक ओकेलो म्हणू लागले. साहेबाला ते झोंबलं. म्हणाला, "ते नाव पुसा. मुलखाला माझं नाव द्या."

ओकेलोची आई पुढं आली. "देऊ की साहेब. पण आमच्यात जागेला नाव लागतं ते तिथं पुरलेल्याचं. तुमचा खड्डा कधी खणायचा, तेवढं सांगा."

मी शब्दन् शब्द सांगितला. गोरा साहेब आणखी पांढरा पडला. नाव तेच राहिलं.

"गोड करून सांगता येत नव्हतं रे?" म्हणत एकानं मात्र माझ्या थोबाडीत मारली. अजून माफी मागितली नाही त्यानं, साहेबाच्या त्या हेडक्लार्क अनंत कर्णिकानं.